गच्चीवर चकवा खेळायचा तर

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरची थंडी अंगात भरते, मुलांना नाताळच्या सुट्ट्या असतात आणि मुंबई-पुण्याहून आलेले भाचे-पुतणे रात्री अकरापर्यंत झोपायचं नाव घेत नाहीत. आमच्या प्रतापनगरच्या गच्चीवर त्या दिवसांत एकच खेळ रंगतो. एक मेज, एक कंदील, पत्त्यांचा एक कॅट आणि आठ-दहा माणसं. गावात चकवा शिरलाय. तो माणसासारखाच दिसतो, रात्री एकेकाला नेतो आणि दिवसा आपल्यातच बसून ‘कोण असंन बाप्पा?’ म्हणून विचारतो. बोलण्या-बोलण्यातून त्याला ओळखायचं, एवढाच खेळ.

या खेळात बहुतेक वेळा मी सूत्रधार असते. सुरुवातीला माझा सगळा जीव अंधार, आवाज, भुताच्या गोष्टी यांतच अडकलेला असायचा. हळूहळू कळलं की रात्र दोन मिनिटांची असते आणि दिवस आठ मिनिटांचा. माणसं लक्षात ठेवतात ती दिवसाची भांडणं. म्हणून बैठकीपासून फराळापर्यंत पुढे जे काही सांगते आहे, ते सगळं दिवसाची चर्चा मोकळी आणि न्यायाची व्हावी यासाठी आहे.

खेळ आला कुठून

मूळ खेळ रशियातला. १९८६ साली मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्राचा विद्यार्थी असलेल्या दिमित्री डेव्हिडॉफने तो ‘माफिया’ नावाने रचला. कल्पना साधी होती: थोड्यांना सगळं माहीत, पुष्कळांना काहीच माहीत नाही, आणि दोघांची झुंज फक्त शब्दांची. १९९७ मध्ये अमेरिकेत अँड्र्यू प्लॉटकिनने त्याला नरलांडग्याचं रूप दिलं. ‘वेअरवुल्फ’ म्हणून जगभर खेळला जातो तो हाच.

आपल्याकडे नरलांडगा कोणाच्या ओळखीचा नाही. चकवा मात्र आजीच्या तोंडून प्रत्येकाने ऐकलेला असतो. रात्री रानातून येताना वाट चुकवणारा, फिरून फिरून त्याच झाडाशी आणणारा. शिवाय चकवणं म्हणजे फसवणं, त्यामुळे नावातच खेळाचं मर्म आलं. मुलं घाबरली तर त्यांना एक खरी गोष्ट सांगते. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला लावलं. सूर्य किंवा चंद्र दिसेनासा झाला की माणसं खरोखरच गोल फिरत होती, आणि त्यांना वाटत होतं आपण सरळच चाललोय. चकवा लागतो तो असा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. या खेळात ‘चेटकीण’ किंवा ‘करणी करणारी’ असं पात्र ठेवू नका. परदेशी संचांत तशी पात्रं असतात आणि तिथे ती निव्वळ गोष्टीतली असतात. आपल्या विदर्भात, चंद्रपूर-गडचिरोलीकडे, जादूटोण्याच्या संशयावरून खऱ्या माणसांना मारहाण झालेली आहे. त्याविरुद्ध २०१३ साली राज्याला कायदा करावा लागला. एका बाईकडे बोट दाखवून सगळ्यांनी ‘हीच ती’ म्हणायचं, हे मला मुलांना खेळ म्हणूनही शिकवायचं नाही. चकवा कोणत्याही जातीचा नाही, बाई नाही, पुरुष नाही. तो पत्त्यातून येतो आणि पुढच्या डावात दुसऱ्याकडे जातो.

त्याच कारणाने आमच्या गावात कोणाला फाशी होत नाही. मूळ खेळात होते. आम्ही संशयिताला वेशीबाहेर काढतो, मारबतीसारखं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीतून काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे मोठे पुतळे निघतात. १८८० च्या दशकापासून चालत आलेली ही मिरवणूक नागपूरच्या पोराबाळांना पाठ असते. त्यामुळे मतदान संपलं की ‘इडा-पिडा घेऊन जा गे मारबत!’ असा गजर आपसूक उठतो आणि ज्याला काढलं तोही त्यात हसत सामील होतो. हरलेल्या माणसाला हसत उठता यावं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

माणसं किती, चकवे किती

सूत्रधार सोडून सात ते पंधरा माणसं लागतात. सातपेक्षा कमी असतील तर दुसरा एखादा खेळ काढा, कारण चर्चा दोन फेऱ्यांत आटोपते. सात ते दहा माणसांत दोन चकवे, अकरा ते पंधरात तीन.

गावाच्या बाजूला दोन विशेष माणसं ठेवा. जागल्या दर रात्री एका माणसाकडे बोट दाखवतो आणि तो चकवा आहे की नाही हे सूत्रधार मान हलवून सांगतो. जुन्या काळी गावात रात्रीची गस्त घालणारा जागल्या असायचाच. दुसरा वैद्य. तो दर रात्री एकाला वाचवतो. स्वतःला फक्त एकदा, आणि लागोपाठ दोन रात्री त्याच माणसाला नाही. बाकी सगळे साधे गावकरी. पहिल्या चार-पाच बैठकींत याहून जास्त पात्रं आणू नका. नवीन माणूस नियम आठवत बसला की बोलायचं विसरतो.

आता एक हिशोब सांगते, तो सूत्रधाराने डोक्यात ठेवावा. चकव्यांची संख्या उरलेल्या गावकऱ्यांइतकी झाली की चकवे जिंकतात. नऊ माणसं आणि दोन चकवे घ्या. पहिल्या दिवशी गावाने चुकीचा माणूस काढला तर आठ उरतात, रात्री एक गेला की सात. पुन्हा चूक, सहा. रात्र, पाच. तिसरी चूक झाली की चार उरतात, दोन विरुद्ध दोन, आणि खेळ संपला. म्हणजे वैद्याने कोणालाच वाचवलं नाही असं धरलं तर गावाला दोन चुका माफ. दहा माणसांत? तिथेही दोनच. दहावा माणूस आल्याने चुकांची मुभा वाढत नाही, गर्दी मात्र वाढते. आठ जणांत तर एकच चूक माफ. म्हणून दिवस सुरू होताना माणसांची संख्या विषम असेल तर गावाला बरं. नवख्यांच्या गावाला थोडं झुकतं माप द्यायचं असेल तर आठऐवजी नऊ बसवा. नववा शेजारच्या काकूंच्या रूपाने मिळतोच.

गणितज्ञांनीही यावर डोकं लावलंय. २००८ च्या एका शोधनिबंधात असं दाखवलं आहे की जागल्यासारखा माहितगार नसेल तर एकूण माणसांच्या वर्गमुळाच्या प्रमाणातले चकवेही गावाला बरोबरीची टक्कर देतात. माहितगार असेल तर चकव्यांचं प्रमाण बरंच वाढवावं लागतं. म्हणजे एकटा जागल्या गावाला किती बळ देतो ते पाहा. आयत्या वेळी त्याचा पत्ता टाकायचा विसरलात तर डाव पूर्ण कलतो.

मेज, उजेड, पत्ते

सगळे एकाच गोल बैठकीत असावेत, आणि प्रत्येकाला प्रत्येकाचं तोंड दिसावं. लांबुळक्या मेजाच्या टोकाला बसलेला माणूस चर्चेतून हळूच गळतो. गच्चीवर वारा असतो, म्हणून मेजावर जाड चादर अंथरा आणि पालथ्या पत्त्यावर ठेवायला प्रत्येकाला एकेक खडा द्या. आम्ही एकदा स्टीलच्या वाट्या ठेवल्या होत्या. रात्री वाटी वाजली की कोण हललं ते सगळ्यांना कळायचं.

आवाजाची अडचण खरी आहे. उन्हाळ्यात खोलीत खेळलात तर कूलरची घरघर सगळं झाकून टाकते, सूत्रधारासाठी तो फार सोयीचा असतो. हिवाळ्यात गच्चीवर शालीची सळसळही ऐकू येते. त्यावर उपाय असा: रात्र झाली की डोळे मिटून सगळ्यांनी दोन बोटांनी मेजावर हलकं टकटक करत राहायचं. पाऊस पडल्यासारखा आवाज होतो, बोट दाखवणाऱ्याची हालचाल त्यात बुडते आणि वातावरणही आपोआप तयार होतं. दहाच्या पुढे शेजाऱ्यांचा विचार करून टकटक मांडीवर.

उजेड मेजाच्या मधोमध एकच, बॅटरीचा कंदील उत्तम. मेणबत्ती वाऱ्यात टिकत नाही आणि शाली-ओढण्यांच्या गर्दीत मला ती नकोच वाटते. उजेड इतका तरी हवा की समोरच्याचे डोळे दिसावेत.

पत्ते नवे घ्या. जुन्या कॅटमध्ये कोपरा दुमडलेला गुलाम तिसऱ्या डावात सगळ्यांना ओळखता येतो. इस्पिकचा आणि किलवरचा गुलाम म्हणजे दोन चकवे. तिसरा लागला तर इस्पिकचा राजा. बदामची राणी वैद्य, चौकटचा एक्का जागल्या, आणि गावकऱ्यांना लाल रंगाचे आकड्यांचे पत्ते. काळा पत्ता आला की चकवा, लाल आला की गाव. लहान मुलंसुद्धा चुकत नाहीत.

फराळ कोरडा ठेवा. तर्री-पोहे डाव संपल्यावर. तर्रीचं बोट पत्त्याला लागलं की नवा कॅट गेला. मधल्या वेळात सांबारवडीसुद्धा मी कागदात गुंडाळून देते, एरवी मुरमुरे-फुटाणे बरे.

रात्र

सूत्रधाराने वाक्यं ठरवून ठेवावीत आणि दर रात्री तीच, त्याच सुरात म्हणावीत. शब्द बदलले की माणसं त्यातून अर्थ काढतात.

‘गाव झोपलं. डोळे मिटा, मान खाली.’ टकटक सुरू. मनात दहापर्यंत मोजा. ‘चकव्यांनो, डोळे उघडा. आज कोणाला नेणार?’ दोघांनी न बोलता एकाच माणसाकडे बोट दाखवायचं. ‘चकव्यांनो, डोळे मिटा.’ मग जागल्या, त्याने एकाकडे बोट दाखवायचं, तुम्ही मान हलवून उत्तर द्यायचं. मग वैद्य, त्याने एकाला वाचवायचं. ‘कोंबडा आरवला. गाव जागं झालं.’

पहिल्या रात्री कोणालाही नेऊ देऊ नका. चकव्यांनी फक्त एकमेकांना ओळखायचं. जागल्याने मात्र पहिल्या रात्रीपासून बघायचं. थंडीत चार जिने चढून आलेला माणूस एक शब्दही न बोलता बाद झाला तर तो पुन्हा येत नाही.

बोलताना तुमचं तोंड मेजाच्या मध्याकडे असू द्या. चकव्यांशी बोलताना सूत्रधार नकळत त्यांच्या दिशेला वळतो, आणि मिटल्या डोळ्यांनीही आवाजाची दिशा कळते. माझ्या हातून हे कितीदा झालंय, म्हणून आता मी रात्रभर बैठकीभोवती हळू फिरत राहते.

गेलेल्या माणसाचा पत्ता उघड करायचा का? नवख्यांमध्ये करा, गावाला आपल्या चुका दिसतात. सरावलेल्यांमध्ये करू नका. पण मग जागल्या मेला असला तरी दर रात्री ‘जागल्या, डोळे उघड’ म्हणायचं आणि तेवढंच थांबायचं. तिथे घाई केलीत की गावाला आयतं उत्तर मिळतं.

दिवस

आठ मिनिटं. खेळणारे पाचच्या खाली आले की पाच मिनिटं. घड्याळ सूत्रधाराकडे, आणि शेवटचं मिनिट राहिलं की मोठ्याने सांगायचं. पहिल्या दिवशी कोणाकडेच पुरावा नसतो, म्हणून सगळे गप्प बसतात. ही कोंडी फोडायला मी प्रत्येकाला एकच वाक्य बोलायला लावते: ‘मला कोणावर संशय आहे, आणि का.’ कारण कितीही तकलादू चालेल. ‘तो पत्ता पाहून पाणी प्यायला’ हेही चालेल. एकदा नावं बाहेर पडली की चर्चा स्वतःच्या पायावर चालते.

मग दोन जणांवर संशय ठरतो. त्या दोघांना प्रत्येकी अर्धा मिनिट बोलू द्या, त्यात कोणीही मध्ये बोलायचं नाही. आमच्याकडे मोठ्या आवाजाची माणसं भरपूर, आणि हा नियम नसेल तर बारक्या पोट्ट्यांचं काही ऐकूच येत नाही. नंतर ‘एक, दोन, तीन’ म्हटल्यावर सगळ्यांनी एकाच वेळी बोट दाखवायचं. मागे-पुढे मत दिलं तर शेवटचे लोक वाऱ्याबरोबर जातात. हयात माणसांच्या निम्म्याहून जास्त मतं पडली तर वेशीबाहेर, नाहीतर त्या दिवशी कोणी नाही.

कोणी कोणाला मत दिलं ते वहीत लिहा आणि वही मेजावर उघडी ठेवा. ही वही म्हणजे गावाचं दप्तर. आमच्या खेळात मी केलेला सगळ्यांत चांगला बदल हाच आहे.

बाद झालेल्यांना मुक्याने बसवू नका. ‘ब्लड ऑन द क्लॉकटॉवर’ नावाच्या खेळात मेलेली माणसंही चर्चेत बोलतात आणि उरलेल्या डावात त्यांना एकच मत देता येतं. तो नियम मी उचललाय. बाद झालेला आमच्याकडे पिंपळावरचा मुंजा होतो: बोलतो, संशय घेतो, आणि आपलं एक मत योग्य वेळेसाठी जपून ठेवतो. मुंजाचं मत मोजलं तरी निम्म्याचा हिशोब हयात माणसांचाच. रात्री त्यानेही डोळे मिटायचेच. पूर्वी बाद झालेली मुलं खाली जाऊन मोबाईल घेऊन बसायची. आता कोणी जिना उतरत नाही.

खोटं कसं बोलावं, कसं पकडावं

चकवा झालात तर खोटं फक्त एका गोष्टीबद्दल बोला, तुमच्या पत्त्याबद्दल. बाकी सगळं खरंच असू द्या. ‘मला त्याचं बोलणं खटकलं’ म्हणायचं असेल तर खरोखर खटकलेलं काहीतरी शोधा. खोटं जितकं थोडं, तितकं सांभाळायला सोपं.

चकव्याला जे जाणवत नाही ते असं की त्याला जास्त माहीत असतं. कोण निर्दोष आहे हे त्याला ठाऊक असतं, म्हणून त्याला प्रश्नच पडत नाहीत. गावकरी विचारतो, ‘तू काऊन चूप बसून रायली?’ चकवा सांगतो, ‘ती नाही, मला माहीत आहे.’ तेव्हा चकवा झालात की दर सकाळी मनाशी विचारा: मी गावकरी असते तर आत्ता मला काय माहीत नसतं? आणि मग तेच विचारा.

साथीदाराचा बचाव करू नका. त्याच्यावर थोडा संशय घ्या, पण त्याच्या नावाची लाट उठेल इतका नाही. आणि ‘मीच जागल्या’ असा दावा करणार असाल तर त्याची तयारी पहिल्या रात्रीपासून हवी: कोणत्या रात्री कोणाला बघितलं आणि त्यालाच का निवडलं. दोन जागल्या समोरासमोर आले की गावाने हेच विचारावं. खरा जागल्या निवडीचं कारण चटकन सांगतो, कारण तो रात्री त्यावर अडलेला असतो. बनावट जागल्याकडे नावं असतात, कारणं जुळवावी लागतात. खऱ्या जागल्याने पहिल्याच दिवशी उघड होऊ नये, त्या रात्रीच तो जातो. चकवा सापडला असेल, किंवा आपणच बाहेर निघायची वेळ आली असेल, तेव्हा बोलावं. त्या रात्री वैद्याने त्याच्यावर हात ठेवावा, हे मात्र न सांगता कळायला हवं.

चेहऱ्यावरून पकडता येईल असं सगळ्यांना वाटतं. मानसशास्त्रज्ञ बाँड आणि डीपॉलो यांनी २००६ मध्ये अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले. नुसतं बोलताना पाहून-ऐकून खरं-खोटं ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ठरतात. नाणं उडवल्यापेक्षा जेमतेम बरं. हसणं, कान लाल होणं, नखं खाणं यांवर गावं बुडतात. वही वाचा.

परवाचाच डाव सांगते. नऊ जण. पहिल्या दिवशी माझे दीर आणि काका असे दोन संशयित. भाची दोनदा ठासून म्हणाली, ‘काका काहीतरी लपवून रायले.’ मतं पडली, पाच विरुद्ध चार, दीर बाहेर गेले, लाल पत्ता निघाला. रात्री जागल्याच गेला, गाव हादरलं. दुसऱ्या दिवशी सात जण, सगळे काकांवर तुटून पडलेले, भाची सर्वांत पुढे. तेवढ्यात शेजारच्या काकूंनी वही ओढली आणि शांतपणे विचारलं, ‘बोललीस काकांविरुद्ध, मग बोट दिरांकडे कसं?’ भाचीने सारवासारव केली, पण गाव वळलं. ती काळ्या पत्त्याची निघाली. मग प्रश्न असा की तिचं मत कोणाला वाचवत होतं? त्या रात्री वैद्याने नेमकं माणूस वाचवलं, सकाळी सहाच्या सहा जण जागे झाले आणि काका वेशीबाहेर गेले. दोघांच्याही चेहऱ्यावरून कोणाला काही कळलं नव्हतं.

भीती किती

दहा वर्षांखालच्या मुलाला पहिल्या डावात सूत्रधाराशेजारी मदतनीस म्हणून बसवा. त्याला सगळं उघड्या डोळ्यांनी दिसतं, आणि भीतीच्या मागची यंत्रणा एकदा दिसली की भीती उरत नाही. अंधारात अंगाला हात लावणं, मागून ओरडणं हे आमच्याकडे पूर्ण बंद आहे. घरातल्या खऱ्या गोष्टी, जुनी भांडणं, कोणाचे पैसे, कोणाचं लग्न, यांना पुरावा म्हणून आणायचं नाही. असं कोणी सुरू केलं तर घड्याळ थांबवा आणि विषय बदला. खोटं फक्त मेजावर बोलायचं, आणि डाव संपल्यावर कोणी कोणाला ‘तू खोटारडाच आहेस’ म्हणायचं नाही, हे सुरुवातीलाच सांगून ठेवा.

डाव संपला की लगेच पत्ते गोळा करू नका. आधी सगळे पत्ते उलटे करून पंचनामा करायचा: जागल्याने कोणाकोणाला बघितलं, वैद्याने कोणाला वाचवलं, चकव्यांनी दुसऱ्या रात्री तेच नाव का निवडलं. पुढच्या डावाची निम्मी शिकवणी इथेच होते. मग कंदिलाजवळ आणून बावन्न पत्ते मोजा, जागा बदला, आणि सूत्रधाराची वही दुसऱ्याच्या हातात द्या.